वेशीच्या आत

बेळगावच्या गोवावेशीत वेस नाही. काकतीवेशीतही नाही. बोगारवेशीचे नाव आता धर्मवीर संभाजी चौक. रिक्षावाल्याला बोगारवेस सांगितले तरी कळते. दार नेमके कुठे होते, रात्री ते किती वाजता लागत असे, हे सांगणारे कोणी भेटत नाही.

चार वाटा मिळतात त्या जागांना बेळगावात शनिवार खूट, यंदे खूट अशी नावे आहेत. नव्या वसाहतींत खूट नाहीत, सर्कल आहेत.

खडेबाजारातून आतल्या गल्ल्यांत वळले की रस्ता उंच झालेला दिसतो. मातीवर खडी पडली, खडीवर डांबर, त्या डांबरावर आणखी डांबर, शेवटी काँक्रीट. जुन्या घरांत शिरायला दोन-तीन दगडी पायऱ्या चढाव्या लागत. पायऱ्या रस्त्याच्या पोटात गेल्या. आता काही घरांत उंबरा ओलांडून खाली उतरावे लागते. जूनपासून उंबऱ्याच्या आत विटांचा एक थर लावलेला असतो आणि त्यावर प्लास्टिकचा कागद.

रुंदीकरणात जी घरे कापली त्यांची समोरची भिंत नवी आहे, बाकी घर जुने. समोर सिमेंट आणि काच, बाजूला जांभा चिरा आणि मातीचा गिलावा. कट्टा पहिल्यांदा गेला, मग पडवी, मग सोपा. दार उघडले की थेट माजघर दिसते. त्यामुळे दिवसाही पडदा ओढलेला असतो. कट्ट्यावर बसणारी म्हातारी माणसे प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसू लागली. दुचाक्या वाढल्यावर तीही आत गेली.

नळीची कौले आता शोधावी लागतात. मंगळुरी कौले अनगोळ, वडगाव, जुने बेळगाव या बाजूला अजून बरीच आहेत. शहरात ती कमी झाली. मेच्या अखेरीस घरे शाकारायला माणसे येत. वानरांनी सरकवलेली कौले नीट बसवत, फुटकी बदलत. त्यांना चहा आणि दुपारची भाकरी घरातून मिळे. बेळगावचा पाऊस लांबतो. चार महिने गल्लीभर कौलांचा एकच आवाज असे. पत्र्यावर तो वेगळा येतो. स्लॅबवर येत नाही.

पुनर्बांधणी झालेल्या घरांत देवळी नाही, कोनाडा नाही, खुंटी नाही. तुळशीवृंदावन गच्चीवर गेले.

दोन वाड्यांच्या मधला बोळ बहुतेक ठिकाणी घरांनी आत घेतला. त्या बोळातून पहाटे मैला वाहून नेणारी माणसे येत. ती प्रथा संपली हे फार उशिरा झाले. बोळ बुजले तशी त्या माणसांची वाटही नकाशातून गेली. महानगरपालिकेच्या नोकरीत त्यांची नातवंडे आहेत, हातात झाडू आणि अंगावर फ्लुरोसंट जाकीट.

आड परसात असे किंवा न्हाणीच्या भिंतीला लागून. एका आडावर दोन घरांचे रहाट, मधे कुडाची भिंत. दोन्ही घरांतल्या बायका एकमेकींना न दिसता बोलत. राकसकोपचे पाणी नळाने आले, पुढे हिडकलचे. आडांवर लोखंडी जाळ्या बसल्या, जाळ्यांवर कुंड्या. काही आड बांधकामाच्या मातीने भरले. १९९५ च्या टंचाईत शहरातल्या विसरलेल्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. टंचाई सरली आणि त्यातल्या अनेक विहिरींभोवती पुन्हा कचरा आला.

गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक चावी असे. पाणी यायच्या आधी घागरींची रांग लागे. घागर नसली तर दगड ठेवला तरी नंबर धरला जाई. कोणता दगड कोणाचा हे सगळ्यांना माहीत असे. चाव्या काढल्यावर खालचे दगडी चौथरे काही दिवस राहिले. आता त्या जागी विजेच्या खात्याच्या पेट्या आहेत.

घागरींवरून आठवण निघते ती कल्हईवाल्याची. तो भाता जमिनीत पुरून गल्लीत बसे. नवसागराचा पांढरा धूर उठे. स्टेनलेस स्टीलने त्याला उठवले.

जळाऊ लाकडाच्या वखारी होत्या. खानापूरच्या रानातली लाकडे तिथे मणावर विकली जात. मोठा लोखंडी तराजू, एका पारड्यात साखळी आणि वजने. वखारींच्या जागा मोठ्या असल्यामुळे त्यांची अपार्टमेंटे आधी झाली.

बुरूड गल्लीत बांबू फोडल्याचा आवाज अजून येतो. सूप आणि रोवळी लग्नात लागते म्हणून विकली जाते. कणगी कोणी मागत नाही, कारण घरात वर्षाचे भात भरून ठेवणारे कोणी राहिले नाही.

गवळी गल्लीतली जनावरे कमी झाली. पूर्वी म्हशी रोज सकाळी चरायला बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत. रस्त्यावर शेण पडे; ते उचलायला बायका पाटी घेऊन मागून जात. आता गल्लीकरांना म्हशी दिसतात त्या दिवाळी पाडव्याला. शिंगे रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, अंगावर झूल. पुढे सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पळते आणि तिच्यामागे म्हैस. तेवढ्या एका दिवशी गर्दी इतकी होते की पोलीस लावावे लागतात.

पांगुळ गल्लीचे पांगुळ पहाटे येत. झाडावर किंवा उंच भिंतीवर बसून देवाची नावे घेत आणि दान मागत. त्या गल्लीत आज कापडाची आणि घरगुती सामानाची दुकाने आहेत, दोन्ही बाजूंना, दारापासून रस्त्यापर्यंत. धुळवडीला अश्वत्थामा मंदिरासमोर लोटांगण घालण्याची चाल मात्र चालू आहे. पूर्वी लोटांगण मातीत पडे. आता काँक्रीटवर पाणी आणि रंग ओततात.

तालमी गल्लीगल्लीला होत्या. तांबडी माती चाळून त्यात तेल, हळद, ताक घालत. शहापूरच्या आनंदवाडी आखाड्यात कुस्त्यांची मैदाने होतात. गल्लीतल्या बऱ्याच तालमींत माती काढून फरशी घातली आहे. एका कोपऱ्यात गणपतीच्या मंडळाचे सामान असते, दुसऱ्यात ट्रेडमिल. मारुतीची मूर्ती जागच्या जागी.

नार्वेकर गल्लीत 'तरुण भारत'. बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये काढलेले हे पत्र चालू आहे, रोज निघते. गेले ते खिळे. कंपोझिटर उभा राहून डाव्या हातातल्या स्टिकमध्ये खिळे जुळवी. अक्षर उलटे असे. त्याला ते सरळ वाचता येई. जोडाक्षरांचे खण वेगळे. शहरातले लहान छापखाने लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, तालमींची हँडबिले छापत. त्यांच्या दाराशी शाईचा आणि खिळे धुण्याच्या रॉकेलचा वास असे. खिळे शेवटी शिशाच्या भावाने वजनावर गेले.

'बेळगाव समाचार' एकोणिसाव्या शतकातले. जुने अंक पाहायचे तर हात लावताच कागदाचा तुकडा पडतो.

गणपत गल्लीतले सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी जागा मिळत नसे. उभ्याने वाचणारा बसलेल्याच्या खांद्यावरून वाची आणि पान उलटायच्या आधी बसलेला विचारी. आता खुर्ची मिळते. वाचणाऱ्यांचे वय साठीच्या पुढे आहे. मंडळींपैकी कोणी चार दिवस दिसला नाही तर बाकीचे चौकशी करतात.

दुकानांच्या पाट्या पेंटर रंगवत. लाकडी किंवा पत्र्याची पाटी, आधी पांढरा हात, मग खडूने रेघा, मग अक्षरे. देवनागरीची शिरोरेघ एका दमात ओढत. अक्षराला सावली देत. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरचे नाव असे, गल्लीसकट. त्या सहीवरून कोणती पाटी कोणाच्या हातची हे कळे. फ्लेक्स आल्यावर पेंटरांनी आधी गाड्यांचे नंबर लिहिले, मग काहीच नाही. फ्लेक्सवर सही नसते.

पाट्यांवरची भाषा बदलण्याचा क्रम वेगळा आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, दुसऱ्या दिवसापासून म्हैसूर राज्यात. दुकानांवर मराठी राहिले, शेजारी कन्नड आले. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. रेल्वे स्टेशन, पोस्ट, बँका, मैलाचे दगड यांवर ते क्रमाक्रमाने उमटले. २०२४ च्या कायद्याने फलकावर साठ टक्के कन्नड असणे बंधनकारक झाले. तेव्हा काही दुकानदारांनी नवी पाटी केली. काहींनी जुन्या पाटीवरचे मराठी रंगाने बुजवले. पाऊस लागला की स्वस्त रंगाखालून शिरोरेघ दिसू लागते. काहींनी पाटीच काढून टाकली. गिऱ्हाईक ओळखीचे आहे.

उतारे, घरफाळ्याच्या पावत्या, नोटिसा कन्नडमध्ये येतात. म्हातारी माणसे त्या शेजारच्या मुलाकडून वाचून घेतात. याच घरांतल्या पेट्यांत आजोबांची मोडीतली खरेदीखते आहेत. ती वाचून देणारा माणूस गल्लीत नाही. अशा रीतीने एका घराचे दोन कागद, दोन्ही घरातल्यांना न वाचता येणारे.

सरकारी मराठी शाळांना नंबर होते. माणसे आपली शाळा नंबराने सांगत. पट कमी झाला तसे वर्ग एकत्र आले. काही ठिकाणी एका इमारतीत दोन माध्यमे भरतात. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिण्याचा फळा असतो. तारीख कधीची आहे ते पाहावे लागते. गल्लीतून सकाळी आठला पिवळ्या बसगाड्या जातात. त्यांवर कॉन्व्हेंट आणि पब्लिक स्कूल लिहिलेले असते.

हुतात्मा चौकात दर १७ जानेवारीला हार घालतात. १९५६ मध्ये त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात बेळगावात गोळीबार झाला होता. ज्यांनी तो दिवस पाहिला ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. सभेत त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या असतात. रांग तीच आहे, खुर्च्या कमी लागतात.

हंस टॉकीज रोड आहे, हंस टॉकीज नाही. रेडिओ टॉकीजच्या जागी रेडिओ कॉम्प्लेक्स. कोनवाळ गल्लीत रिट्झ होते. तिथे लोकमान्य रंगमंदिर आहे. पु. ल. देशपांडे टिळकवाडीतल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत असत आणि त्यांनी लिहिलेले रावसाहेब याच गावचे. रावसाहेबांच्या बोलण्यातली शिवी आणि माया दोन्ही वेगळी काढता येत नाहीत असे बेळगावकर सांगतात. तसे मोकळे मराठी, कन्नडच्या वळणाचे, 'काय करायलास' म्हणणारे, बाजारात अजून ऐकू येते. घरात मुले टीव्हीचे मराठी बोलतात.

टॉकीजच्या तिकिटाच्या खिडकीला लोखंडी गजांचा बोगदा असे. एक माणूस मावेल एवढा. त्यात अडकलेल्याला मागे फिरता येत नसे. ते गज भंगारात गेले.

तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकली. दुकानात पाटी असे, पाटीवर नाव, सायकलीचा नंबर आणि सुटल्याची वेळ. लहान मुलांसाठी आखूड सायकली वेगळ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचेच दुकान काढले होते. पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर. नगरपालिकेला जागा हवी झाली, कारखान्याला उठावे लागले, आणि १९१० मध्ये तो औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर गेला. तिथे किर्लोस्करवाडी झाली. बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. त्यावर कपडे, मोबाइल, चष्मे.

कारखाना ठळकवाडीत होता. ठळकवाडीला आता सगळे टिळकवाडी म्हणतात. ठळकवाडी हायस्कुलाने नाव बदललेले नाही.

टिळकवाडीतले बंगले एकमजली, पुढे बाग, बाजूला गाडीसाठी नव्हे तर म्हशीसाठी शेड. चाफा, सोनटक्का, रातराणी. फाटकावर मालकाचे नाव आणि पदवी संगमरवरात कोरलेली. मालक गेले, मुले पुण्यात किंवा परदेशात, बंगला बिल्डरकडे. नव्या इमारतीला बहुधा आईचे नाव देतात. संगमरवरी पाटी कधी कधी पार्किंगच्या भिंतीत बसवलेली सापडते.

व्हॅक्सिन डेपोत देवीची लस तयार होत असे. देवी जगातून गेल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. आवार झाडांनी भरलेले राहिले. सकाळी फिरणाऱ्यांना पक्षी दिसत. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव २०१६ मध्ये आले, त्यानंतर आवारात बांधकामे सुरू झाली, झाडांवरून वाद झाले. नाव व्हॅक्सिन डेपोच आहे. लहान मुले ते करोनामुळे पडले असे समजतात.

डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीतच भरले. गांधीजी अध्यक्ष, एवढे एकच अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली झाले. मंडपाच्या नगरीला विजयनगर नाव दिले होते. पाण्यासाठी विहीर खोदली. मंडप थोड्या दिवसांचा होता, तो उतरला. विहीर आहे, कठडा बांधून, रंग देऊन. आजूबाजूचा मोकळा माळ नाही.

रिसालदार गल्लीतले भाटे यांचे घर जपले आहे, कारण ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते. आजूबाजूच्या घरांत असे कोणी उतरले नव्हते.

रेल्वेची फाटके पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट अशी सांगतात. फाटक पडले की दोन्ही बाजूंना गाव थांबे. सायकलवरचा एक पाय खाली टेकून वर्तमानपत्र वाची, चिरमुरेवाला पुड्या विकी, मीटरगेजचे इंजिन धूर सोडत जाई. नव्वदच्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. तिसऱ्या गेटावर आणि कपिलेश्वराजवळ उड्डाणपूल झाले. पुलाखाली गाड्या लावतात. वरून जाणाऱ्याला कपिलेश्वराचे शिखर डोळ्यांच्या रेषेत दिसते. आधी मान वर करावी लागे.

टांगे स्टेशनबाहेर उभे असत. घोड्यांना पाणी प्यायचे दगडी हौद होते. एक हौद फुलझाडांसाठी वापरात आहे.

पुलापलीकडे शहापूर. १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होते, बेळगाव स्वातंत्र्यापर्यंत इंग्रजांचे. थोडे चालले की सरकार बदले. सांगलीच्या पटवर्धनांची कचेरी इथे होती, त्यावरून कचेरी गल्ली. विलीनीकरणाने ती हद्द संपली. पायी हिंडणाऱ्याला तिचा पुरावा वर्षातून एकदा मिळतो. बेळगावात रंग धुळवडीला खेळतात, शहापुरात रंगपंचमीला. धुळवडीच्या दिवशी बेळगावची दुकाने बंद आणि शहापूरची उघडी. रंगपंचमीला उलट.

शहापुरी साडी इथली. खासबाग, वडगाव, शहापूर या पट्ट्यात हातमाग घरातच असे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात विणकराचे पाय, माग उंबऱ्याच्या आत. बायका कांड्या भरत. गल्लीत ताणा पसरलेला असला की पोरांना पळायला बंदी. हातमागाचा ठोका माणसागणिक वेगळा. बाहेरून जाणाऱ्याला कोण बसले आहे ते कळे. यंत्रमाग आले आणि सगळ्या घरांचा आवाज एक झाला. आता तोही काही घरांतून बंद आहे. यंत्र भंगारवाल्याने नेले की जमिनीत चार बोल्ट उरतात. त्यावर पलंग ठेवतात.

खड्डे त्याआधीच बुजवले होते.

सराफ गल्लीत सोने पारखण्याचा दगड, कवड्या, गुंजांचे वजन. जुन्या पेढ्यांत बैठक होती, गादी, तक्क्या, उतरते लाकडी मेज. आता काउंटर आहेत. दुकानाबाहेर गटारातली माती धुऊन सोन्याचा कण शोधणारे झारेकरी पहाटे दिसत. त्यांची पाटी उथळ, लाकडाची. गटारांवर फरशा आल्यावर ते येईनासे झाले.

लग्नात मांडे असत. मांडे करणाऱ्या बायका उलट्या खापरावर ते टाकत, कोपरापर्यंत हात वापरून पोळी पसरत. एका कार्याला दोघी-तिघी लागत. आज मांडे पाकिटात मिळतात, चौकोनी घडीचे. कुंदा पेठेत आणि कॅम्पात मिळतो. त्याचे काही बिघडले नाही, डबा तेवढा मोठा झाला.

पांढरे लोणी पानात बांधून विकायला खेड्यांतून बायका येत. बोटावर थोडे चाखायला देत. मे महिन्यात जांभोटी, खानापूरकडच्या बायका करवंदे, जांभळे, तोरणे आणत. माप म्हणून पानाचा दोणा. दोणे आता कागदाचे आहेत. तोरणे ओळखणारी मुले कमी.

कांदा मार्केट रविवार पेठेजवळ. कांद्याचा घाऊक सौदा एपीएमसीत होतो. किल्ल्याजवळच्या छावणीतले घाऊक भाजी मार्केटही २०१९ मध्ये तिकडे हलले. पहाटे तीनला छावणीतल्या मार्केटात कंदील, मग गॅसबत्त्या, मग ट्यूब. रताळ्यांच्या दिवसांत पोत्यांमुळे रस्ता दिसत नसे. हमालांसाठी चार वाजता उघडणारी चहाची दुकाने होती. मार्केट गेल्यावर ती सातला उघडू लागली. त्यातली थोडीच टिकली.

कॅम्पातल्या रस्त्यांवर मोठी झाडे आहेत, कारण जमीन लष्कराच्या ताब्यात आहे. बंगल्यांच्या फाटकांवर नुसते नंबर. बेकऱ्यांत पाव भट्टीतून निघतो तेव्हा वास येतो. लाकडाच्या भट्ट्या कमी झाल्या. गोव्याकडच्या म्हाताऱ्या बायका फ्रॉक घालून चर्चला जात. त्यांच्या नाती जीन्समध्ये येतात, मोठ्या सणाला, बहुतेक बाहेरगावाहून.

गल्ल्या जिथे संपत तिथे शिवार सुरू होई. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर या बाजूला भात. बेळगाव बासमती शिजला की वास तिसऱ्या घरी जाई. उत्पन्न कमी, रोप उंच, पावसात लोळे. शेतकऱ्यांनी दुसऱ्या जाती घेतल्या. शिवारात प्लॉटचे दगड लागले. हलगा-मच्छे बायपाससाठी उभ्या पिकातून यंत्रे गेली, त्याविरुद्ध शेतकरी कोर्टात गेले. हलग्याजवळ महामार्गावरून कर्नाटक विधिमंडळाचे सुवर्णसौध दिसते. २०१२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. अधिवेशन हिवाळ्यात थोडे दिवस असते.

येळ्ळूरच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असा फलक होता. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून तो पाडला. गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला. पुन्हा पाडला, त्या दिवशी पोलिसांनी घराघरात शिरून लाठी चालवली. जागा ओळखता येते.

बेळगाव जिल्ह्यातलीच, महाराष्ट्राच्या सीमेवरची निपाणी लहान आहे. सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाआधी सगळ्या गल्ल्या पायाखालून जातात.

संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीत निपाणीच्या कमलाबाई मोहिते आहेत. देवचंद कॉलेजला जायचे तर राज्य ओलांडावे लागते. ते अर्जुननगरात, जिल्हा कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठाचे. मुले निपाणीची, चालत जातात. मधे नदी नाही, डोंगर नाही. रस्त्याच्या एका अंगाला विजेचे बिल कन्नडमध्ये येते, दुसऱ्या अंगाला मराठीत. करोनाच्या काळात कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा दाखला मागू लागले, तेव्हा घराशेजारचे गावही परराज्य झाले.

निपाणीत पाय ठेवला की शिंक येत असे. तंबाखूच्या वखारी गावभर होत्या, उंच भिंतींच्या, बारीक खिडक्यांच्या. आत बायका पाला कुटत, चाळत. नाकातोंडाला पदर बांधलेला. संध्याकाळी सुटल्यावर रस्त्याने त्यांची रांग जाई. केस, भुवया, पापण्या एका रंगाच्या. घरी जाऊन अंग धुतल्याशिवाय लेकराला घेत नसत. त्यांची संघटना झाली, मजुरीसाठी मोर्चे निघाले. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी शरद जोशींबरोबर राष्ट्रीय महामार्गावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसे मेली. तेव्हा त्या महामार्गाचा क्रमांक ४ होता. आता ४८ आहे.

अकोळ, जत्राटकडच्या काळ्या रानांत ऊस आणि सोयाबीन वाढले. विडी ओढणारे कमी झाले. चाळण्याचे काम यंत्रावर गेले, काही वखारी चालू आहेत, बऱ्याच नाहीत. ज्या बंद पडल्या त्यांचे पत्रे आणि सागवानी तुळया आधी विकल्या गेल्या. एका मोठ्या वखारीच्या जागेत गाळे निघाले आहेत. गाळे भाड्याने देणे आहेत, असे शटरवर कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लिहिले आहे. खालचा मजला भरला. वरच्या मजल्यावर अजून चार शिल्लक आहेत.